सात किलोंत युरोप

पार्सल ऑफिसात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांसाठी त्या ग्रॅमबाई. एकोणतीस वर्षं एकाच काउंटरवर बसून त्यांच्या हाताला अशी काही सवय जडली होती की खोकं उचललं रे उचललं की आकडा तोंडातून बाहेर पडायचाच. "दोन किलो एकशे दहा." मग खोकं वजनकाट्यावर ठेवायचं, ते केवळ नियम म्हणून. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झालेच तर ग्रॅमबाई संशयाने काट्याकडे बघत, स्वतःच्या हाताकडे कधीच नाही. रांगेतली माणसं हसत, कुणी टाळ्याही वाजवत, आणि ग्रॅमबाईंना ते आवडत असे. उगाच खोटं कशाला बोला!

त्यांची आणखी एक ख्याती होती. पार्सल मर्यादेपेक्षा जड भरलं की त्या म्हणत, "उघडा." तिथेच, काउंटरवर, सगळ्या रांगेदेखत. मग आतली एकेक वस्तू बाहेर. "ही चप्पल कशाला? तिकडे काय लोक अनवाणी हिंडतात?" गिऱ्हाईक कानकोंडं होऊन हसे आणि रांग पोट धरून. खरं म्हणजे या कामासाठी मागे पडद्याआड एक टेबल ठेवलेलं होतं. पण तिथवर उठून जायचा ग्रॅमबाईंना कंटाळा, आणि पडद्याआड हसायला कोण असणार?

अशा बाईंनी युरोपच्या सहलीचा बेत हाती घेतला, मग काय विचारता! सहल दोघींची होती, ग्रॅमबाई आणि त्यांच्या वहिनी. दादाचं लग्न झालं तेव्हा ग्रॅमबाई अकरा वर्षांच्या आणि वहिनी एकोणिसाच्या. त्या घरात नणंद-भावजय असं काही फारसं रुजलंच नाही. कधी त्या बहिणी असत, कधी मायलेकी, आणि भांडायचं झालं की एका बाकावरच्या मैत्रिणी. आता धाकटी त्रेपन्नची झाली होती आणि थोरली एकसष्टची. ग्रॅमबाईंनी लग्न केलं नव्हतं, त्या दोन गल्ल्या सोडून राहत. वहिनींची मुलगी लग्न होऊन गेलेली. दादाचं म्हणाल तर प्रवासाचं नाव काढलं की त्याची पाठ धरत असे. "माझा युरोप गॅलरीतल्या खुर्चीत," असं तो उघड सांगे. तेव्हा दोघींनीच जायचं ठरलं. पाठीवर एकेक सॅक, सोळा दिवस, सहा शहरं.

रद्द झालेल्या पार्सल फॉर्मांचे पाठकोरे कागद ऑफिसात ढिगाने पडलेले असत. त्यांवर ग्रॅमबाईंनी व्हिएन्नापासून बर्लिनपर्यंतचा सगळा प्रवास तासातासाने मांडला. विमानाचं तिकीट सगळ्यांत स्वस्त, त्यात सामान फक्त हातातलं, तेही सात किलोच. ही अट वाचून दुसऱ्या कुणाचा चेहरा पडला असता. ग्रॅमबाईंना आनंदच झाला. शिवाय त्यांनी एक नामी युक्ती काढली होती, सोळातल्या चार रात्री बसमध्ये काढायच्या. संध्याकाळी एका शहरात चढायचं, सकाळी दुसऱ्यात उतरायचं. "झोप काय फुकट येत नाही? तिचे पैसे कशाला मोजायचे?" हे वाक्य त्यांनी महिनाभर ज्याला त्याला ऐकवलं.

वहिनींनी तीनदा विचारलं.

पहिल्यांदा म्हणाल्या, "बसमध्ये सोय असते का गं? बाथरूमची?"

"असते की. बंद असली तर थांबवतात कुठेतरी."

दुसऱ्यांदा, "किती तासांनी थांबवतात?" तिसऱ्यांदा, "दिवसाची गाडी घेतली तर फार महाग पडेल का?" त्या वेळी शेजारच्या बाई येऊन बसल्या होत्या. ग्रॅमबाईंनी त्यांच्याकडे बघून डोळा मारला. "बघा, एकसष्ट वर्षांची बाई! युरोपला निघाली, आणि लहान मुलासारखी आधी शू कुठे करायची ते विचारतेय!" शेजारीण हसली. वहिनीही हसल्या. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही, आणि ग्रॅमबाईंना वाटलं, झालं, समजूत पटली.

तिकिटं काढून झाली. निघायला दोन महिने होते, तेव्हा एका रविवारी दुपारी ग्रॅमबाईंनी सामानाची रंगीत तालीम ठेवली. वहिनींच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. ऑफिसातला जुना हुकाचा वजनकाटा त्या घेऊन आल्या. मुलगी आणि जावई सुट्टीचे आलेले, दादा होता, शेजारीण तर होतीच. सगळे टेबलाभोवती बसले.

आधी ग्रॅमबाईंची सॅक. सहा किलो नऊशे चाळीस. टाळ्या. मग वहिनींची सॅक हुकाला लागली आणि काटा थेट आठ किलो तीनशेवर गेला.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "मी कमी करते नंतर."

"नंतर? विमानतळावरची बाई 'नंतर' म्हणणार आहे का? उघड."

"अगं धाकटे, करते ना मी."

"उघड गं!"

आणि ग्रॅमबाईंनी स्वतःच उघडली. मग काय, खेळच सुरू झाला. त्या वस्तू उचलायच्या, आधी जावयाला विचारायच्या, तो चुकला की खरा आकडा सांगायच्या. स्वेटर, "चारशे दहा." टॉर्च, "एकशे नव्वद. घरात लाइट गेला तर पेटवत नाहीस, तिथे काय खाणीत उतरायचंय?" गरम पाण्याची रबरी पिशवी. हसू. कपडे वाळत घालायची दोरी. आणखी हसू. एक टॉवेल, दुसरा टॉवेल, तिसरा, सगळे गडद रंगाचे. "पोहून जाणार आहेस का?" दादाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

आतल्या कप्प्याच्या चेनवर वहिनींनी हात ठेवला. "तो नको."

"जड तोच आहे!" म्हणत ग्रॅमबाईंनी तो हात बाजूला सारला. नीट सांगायचं तर झटकला. आत आणखी एक टॉवेल, त्यात काहीतरी गुंडाळलेलं. टॉवेल झाडला तसं पाकीट तळहातावर आलं, आणि सवयीने आकडा बाहेर पडला.

"चारशे वीस."

सगळे हसले. दुपारभर आकड्यावर हसत होते, तसेच याही आकड्यावर हसले. दादा सगळ्यांत मोठ्याने. मग पाकिटावरचं चित्र दिसलं. मोठ्या माणसांचे डायपर होते ते. कप्प्यात तशीच आणखी दोन पाकिटं होती.

जावयाने खिशातून मोबाईल काढला आणि त्यात मान घातली. मुलगी "आई?" एवढंच म्हणाली. दादाचं तोंड हसायला उघडलं होतं ते तसंच राहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं हे त्याच्या तोंडावरून उघड दिसत होतं. वहिनींनी ग्रॅमबाईंच्या हातातून पाकीट घेतलं, टॉवेलात गुंडाळलं, कप्प्यात ठेवलं आणि चेन लावली. एवढ्यावर ग्रॅमबाई गप्प राहिल्या असत्या तरी काही तरी वाचलं असतं. पण ती शांतता त्यांना सोसवेना, आणि काउंटरवरच्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "त्यात काय लाजायचं? या वयात बऱ्याच जणींना होतं!"

वहिनी म्हणाल्या, "चहा घेणार ना सगळे?" आणि आत गेल्या. चहा नेहमीसारखा झाला होता. कुणाला साखर कमी, कुणाला दूध जास्त, काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "ती नाही येत म्हणते. गुडघा दुखतोय म्हणते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोन वर्षं झाली म्हणे. एका घरात राहून मला पत्ता नाही. आणि मी हसलो गं, सगळ्यांत मोठ्याने."

ग्रॅमबाईंनी वहिनींना फोन केले. पहिला उचलला नाही, दुसऱ्याला "कामात आहे" असं उत्तर आलं, तेही अगदी गोड आवाजात. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर ग्रॅमबाईंना हलकं वाटलं असतं. वहिनींनी तेवढीही सोय ठेवली नाही.

त्या आठवड्यात काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आले. सुतळीने घट्ट बांधलेलं खोकं. ग्रॅमबाईंनी उचललं. आकडा जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला. खोकं मर्यादेपेक्षा जड होतं, चांगलं किलोभर. "उ..." म्हणाल्या आणि त्यांचं लक्ष म्हाताऱ्याच्या हातांकडे गेलं. म्हाताऱ्याने आधीच ओशाळून सुतळीची गाठ सोडायला घेतली होती. मागची रांग हसायच्या तयारीने पुढे सरकली होती.

"थांबा," ग्रॅमबाई म्हणाल्या. "मागे या. तिथे टेबल आहे." त्या स्वतः उठल्या, पडदा ओढला आणि पाठ करून बाहेर उभ्या राहिल्या. शेजारच्या खिडकीतले शिक्के मारणारे गृहस्थ म्हणाले, "काय ग्रॅमबाई, तब्येत बरी आहे ना?" एकोणतीस वर्षांत किती जणांना इथे, या फळीवर उघडं केलं असेल, याचा त्या अंदाज करत होत्या आणि या एका गोष्टीचा त्यांना अंदाज लागेना.

तिथे उभ्या असतानाच त्यांना आठवलं. खरं तर रविवारपासून ते आठवायचं टाळत होत्या. वहिनी घरात येऊन महिना झाला होता. अकरा वर्षांची घोडी, आणि अंथरूण ओलं करायची. आईला कळलं असतं तर अख्ख्या घरात डांगोरा पिटला गेला असता. पहाटे वहिनींनी ती चादर ओढून काढली, बादलीत बुडवली, आणि आई उठल्यावर म्हणाल्या, "माझ्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला." नव्या सुनेने त्याबद्दल बोलणी खाल्ली. तो तांब्या त्या वर्षात पाच-सहा वेळा लवंडला. बेचाळीस वर्षं झाली, त्याचा उल्लेख कधी थट्टेतसुद्धा निघाला नव्हता. ग्रॅमबाईंना इतकी लाज वाटली की पडद्याआडचे गृहस्थ "झालं हो बाई" म्हणाले तरी त्यांना वळून बघवेना.

त्यांनी बेत पुन्हा मांडायला घेतला. माफी मागायला शब्द सापडत नव्हते आणि हात रिकामा राहवत नव्हता. रात्रीच्या बस सगळ्या गेल्या. दिवसाच्या आगगाड्या आल्या, आणि तेवढ्याच पैशांत बसवायचं म्हणून दोन शहरं गळली. चार राहिली. डब्यात स्वच्छतागृह कुठल्या टोकाला असतं ते बघून त्याच्याजवळच्या, वाटेकडेच्या जागा धरल्या. हॉस्टेलांना ईमेलने पत्रं लिहिली. खोलीला जोडून बाथरूम आहे का? खालचा पलंग नक्की मिळेल का? एका हॉस्टेलने उत्तर द्यायला नऊ दिवस लावले, तर त्यांनी तीन पत्रं पाठवली. प्रत्येक स्टेशनाचा नकाशा मिळवून फलाटापासून स्वच्छतागृहापर्यंतची पावलं मोजली. कुठे नाणं टाकून दार उघडतं, कुठलं नाणं लागतं, रविवारी किती वाजता बंद होतं, सगळं लिहिलं. संग्रहालयांची यादी अर्धी झाली, आणि उरलेल्या प्रत्येकापुढे तळमजला की पहिला मजला हे आलं. तीन आठवडे यात गेले. आपला पहिला बेत कुणासाठी होता, असा प्रश्न त्यांना मधेच पडला. वहिनींसाठी तर नव्हताच. तो टाळ्यांसाठी होता.

एका सकाळी दादा बाहेर गेलेला बघून त्या कागद घेऊन गेल्या. वहिनी पडदे शिवायचं काम घेत. त्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीचे पडदे होते, राखाडी, टेबलभर पसरलेले. वहिनींच्या ओठांत टाचण्या धरलेल्या. त्यांनी मानेनेच "बस" म्हटलं.

ग्रॅमबाई बसल्या नाहीत. "वहिनी, मी चुकले," म्हणाल्या. पुढचं जे काय पाठ करून आणलं होतं ते सगळं विसरलं. मग त्यांनी कागद पुढे केले.

वहिनींनी टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या, चष्मा लावला आणि वाचायला बसल्या. सगळं वाचलं, घाई न करता. एके ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "हे नाण्याचं खात्रीचं आहे?"

"दोघांना विचारलंय."

"चांगलं केलंयस. खूपच चांगलं."

ग्रॅमबाईंचा जीव भांड्यात पडला. "मग येशील ना? गुडघ्याचं मी..."

"गुडघा ठणठणीत आहे," वहिनी म्हणाल्या. "तुला माहितीये. आणि ते पाकीट सगळ्यांनी बघितलं, त्याचं मला एवढं नाही गं. आज ना उद्या कळलंच असतं. तू मला शूवरून हसलीस त्याचंही नाही. पण मी चेनवर हात ठेवला होता, 'नको' म्हणत होते, आणि तू वजन सांगितलंस."

ग्रॅमबाईंच्या कानशिलांना आग लागली. त्यांनी खाली बघितलं.

"मी जाणार आहे," वहिनी म्हणाल्या. "तिकीट आहे, व्हिसा आहे, आता तर हे कागदही आहेत. पण तुझ्याबरोबर नाही."

"मग कुणाबरोबर?"

"एकटी."

"एकटी?" ग्रॅमबाईंचा आवाज पुन्हा काउंटरवरचा झाला. "बाजारातून यायला उशीर झाला तर दादाला फोन करतेस तू!"

"करते. तिथे नाही करणार."

"वहिनी, मी एक शब्द बोलणार नाही. सोळा दिवस तोंड उघडणार नाही. तू म्हणशील तिथे थांबू..."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. "तू थांबशील. मी खुर्चीतून उठले की तूही उठशील. दर तासाला 'जायचंय का?' असं नुसतं बघशील. आत्ता बघतेयस तशी. तुझा दादा बघतोय, मुलगी फोनवर विचारतेय. या घरात आता मी उठले की सगळे गप्प होतात. मला सोळा दिवस अशा ठिकाणी राहायचंय जिथे कुणालाच काही माहीत नाही." त्यांनी चष्मा काढला. आवाज चढला नव्हता, उलट मायेनेच बोलत होत्या, त्यामुळे ग्रॅमबाईंना धरायला काही मिळेना. "तुझ्यावर राग नाही माझा. परत आले की सगळं सांगेन तुला. पण तिथे तू नकोस."

ग्रॅमबाईंना रडू येत होतं, पण रडलं तर वहिनी जवळ घेतील, आणि ते आज आपल्याला घेता येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी कसंबसं विचारलं, "मग मी काय करू?"

"हे परत लिही. यात तू बऱ्याच गोष्टी गृहीत धरल्यायस. 'उतरल्यावर बघू', 'तिथे विचारू'. तू असणार म्हणून चाललं असतं. आता असं लिही की मला वाटेत कुणाला काही विचारावं लागणार नाही. तुला फोनही करावा लागणार नाही."

त्यांनी राखाडी पडद्याची एक बाजू उचलून टेबलाचा कोपरा मोकळा केला आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. ग्रॅमबाई बसल्या. पहिल्या पानावर व्हिएन्नाचं हॉस्टेल होतं, खोलीत दोन पलंग, खालचा वहिनींचा आणि वरचा त्यांचा. त्यांनी पेन काढलं आणि वरचा खोडला. मग बुडापेस्टचं पान काढलं. तिथलाही खोडला. पलीकडे शिलाई मशीन सुरू झालं होतं.